सोळावी चाल, हत्ती ई८

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी ड्रॅगन (सिसिलियन या ओपनिंगचा, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचा, एक प्रकार) खेळते म्हटलं की आमच्या नागपूरच्या टूर्नामेंटवाल्यांकडून हमखास एकच प्रश्न येतो, "अजून खेळतं का कोणी ते?" सिसिलियन खेळायचं तर नायडॉर्फ खेळ, दुसरं काही खेळ, पण ड्रॅगन म्हणजे स्वतःच्या राजावर हल्ला बोलावून घेणं, असं बरेच कोच मुलांना सांगतात. मला हे कधीच पटलं नाही आणि यंदा मे महिन्यात एका रेटिंग स्पर्धेत जो डाव झाला त्यानंतर तर अजिबातच नाही, म्हणून तो डाव सुरुवातीपासून लिहून काढते. पट जवळ असेल तर मांडून घ्या, नसेल तरी चालेल, मी सांगत जाईन. चौकटींची नावं एवढी लक्षात ठेवा, उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून एक ते आठ.

मे महिना म्हणजे नागपुरात पारा पंचेचाळीसच्या आसपास, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, पण शाळांना सुट्ट्या असतात म्हणून स्पर्धांचा सीझनही हाच. मी अ‍ॅक्वा लाइनच्या मेट्रोनं जायचे, स्टेशनपासून पुढे दुपट्टा तोंडाला गुंडाळून चालत, आणि हॉलमध्ये शिरलं की चारी कोपऱ्यांत मोठाले कूलर घरघरत असायचे, स्कोअरशीटचे कागद उडून राहिले, त्यावर कोणी पाण्याची बाटली ठेवली कोणी पेन. पोरं तर किती! आणि त्यात पोरी बघून मला खरंच बरं वाटतं. मी लहानपणी खेळायला लागले तेव्हा माझ्या वयाच्या मुली हॉलमध्ये शोधाव्या लागायच्या. नागपूरचे ग्रँडमास्टर आधीही होतेच, रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, पण २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखनं जॉर्जियात बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, फायनलला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि त्याच विजयानं ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आया स्वतः पोरींना घेऊन येतात आणि बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून दिवसभर बसतात. हे मला फार मोठं वाटतं.

ज्यांनी स्पर्धा खेळली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्विस पद्धत, म्हणजे बाद कोणी होत नाही, साधारण सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. प्रत्येकाला दीड तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद जास्तीचे. मोबाईल बाहेर जमा, कारण आत वाजला तर डाव गेलाच समजा. मोहऱ्याला हात लावला की तोच हलवायचा. आणि तीस सेकंदांचं इन्क्रिमेंट असेल तर शेवटपर्यंत प्रत्येक चाल लिहावी लागते, वेळ कमी आहे म्हणून सूट नाही.

त्या राउंडची पेअरिंग आदल्या रात्री आली. मला काळे मोहरे, समोर १७१२ रेटिंगचे एक काका, माझं रेटिंग १५६०. काकांना मी आधीच्या राउंडला शेजारच्या बोर्डवर बघितलं होतं, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चाल करून झाली की मोहरा चौकटीच्या अगदी मधोमध सरकवणार आणि मगच घड्याळ दाबणार. तेव्हाही ते पांढऱ्यांनी खेळत होते, ई४ नं सुरुवात, आणि समोरच्या मुलानं सिसिलियन केल्यावर त्यांनी उंट ई३, एफ३, वजीर डी२ असा सगळा सरंजाम इतक्या भराभर मांडला की कळलंच, हा माणूस हे वर्षानुवर्षं खेळून राहिला आहे. तेव्हा रात्री मी ठरवलं की ड्रॅगनच खेळायचा. आई म्हणाली झोप आता, पण मी पट घेऊन बसलेच.

सरांनी मला ड्रॅगन शिकवला तेव्हा पहिल्याच दिवशी जी७ च्या चौकटीवर बोट ठेवून सांगितलं होतं की इथला उंट म्हणजे या घरातला कर्ता माणूस, तो आहे तोवर सगळं आहे. ए१ ते एच८ हा जो लांब कर्ण आहे त्यावर हा उंट नेम धरून बसतो, पांढऱ्यानं वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला (एकाच चालीत राजा बाजूला आणि हत्ती त्याच्या शेजारी) की त्याचा राजा नेमका त्याच टोकाला असतो. आणि पांढरा काय करतो तर एच प्यादं पुढे सारून एच पट्टी उघडतो, उंट एच६ वर आणून तुमचा जी७ चा उंट मारून टाकतो, आणि मग वजीर-हत्ती एच७ वर कोसळतात. याला युगोस्लाव्ह अटॅक म्हणतात. दोघांचे राजे दोन टोकांना, दोघंही एकमेकांच्या राजावर धावतात, जो एक चाल मागे पडला तो संपला. म्हणून भीती. पण १९९५ ला न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोव्ह-आनंद मॅच झाली, त्यात कास्पारोव्हनं जगज्जेतेपद पणाला लागलेलं असताना अकराव्या डावात हाच ड्रॅगन काढला आणि जिंकला, तेराव्या डावात परत जिंकला. आपल्या आनंदविरुद्ध, म्हणून ऐकायला त्रास होतो, पण ड्रॅगन मेला म्हणणाऱ्यांनी ते डाव बघावेत.

तर डाव. हात मिळवला, पंचांनी घड्याळं सुरू करायला सांगितली. ई४ सी५, घोडा एफ३ डी६, डी४ घेतलं, घोड्यानं घेतलं, घोडा एफ६, घोडा सी३, आणि पाचवी चाल मी जी६ केली. काकांनी वर बघितलं, पहिल्यांदाच, आणि अगदी हळू म्हणाले, "अरे वा." डाव सुरू असताना बोलायचं नसतं, मी फक्त मान हलवली.

उंट ई३. इथे नवशिक्यांनी एक लक्षात ठेवा, हा उंट बघून घोडा जी४ वर उडी मारून त्याला हाकलायचा मोह होतो, लगेच उंट बी५ चा शह बसतो, तुम्ही उंट डी७ मध्ये घातला की तो राजापुढे बांधला जातो, जी४ कडे जाऊ शकत नाही, आणि पांढरा वजीर जी४ चा घोडा उचलून नेतो. सहाव्या चालीलाच मोहरा गेला. शांतपणे उंट जी७ करायचं. मग एफ३, जेणेकरून तो घोडा जी४ वर येऊच नये. पुढे मी घोडा सी६ आणि किल्लेकोट, त्यांचा वजीर डी२ आणि उंट सी४. या उंटाचं काम म्हणजे एफ७ वर नजर ठेवायची आणि काळ्याला डी५ करू द्यायचं नाही, कारण डी५ झालं की काळा मोकळा. उंट डी७, एच४, हत्ती सी८, उंट बी३, घोडा ई५, लांब किल्लेकोट, म्हणजे वजिराच्या बाजूचा. बारा चाली झाल्या आणि दोघांचीही घड्याळं सुरुवातीपेक्षा जास्त वेळ दाखवत होती, इतक्या भराभर, तीस-तीस सेकंद जमत गेले.

इथे मला निवड होती. आजकाल बरेच जण इथे एच५ खेळतात, त्याला सोल्टिस व्हेरिएशन म्हणतात, पांढऱ्याचं एच प्यादं तिथेच अडवून टाकायचं. मी घोडा सी४ खेळले, जुनी चाल. कारण मला माहिती होतं ही वाट कुठे जाते. १९७४ ला मॉस्कोत कारपोव आणि कोर्चनॉयची कँडिडेट्स फायनल झाली, जो जिंकेल तो जगज्जेत्या फिशरशी खेळणार होता. त्या मॅचच्या दुसऱ्या डावात हीच पोझिशन आली आणि कारपोवनं कोर्चनॉयला २७ चालींत उडवला. तो डाव इतका गाजला की या वाटेनं जायची काळ्याला धास्तीच बसली. काकांच्या वयाचा, युगोस्लाव्ह अटॅक हातखंडा असलेला माणूस तो डाव विसरणं शक्य नाही असा माझा अंदाज, आणि मला त्यांना तिथेच न्यायचं होतं.

उंटानं घोडा घेतला, हत्तीनं परत घेतलं. एच५. माझ्या घोड्यानं ते प्यादं खाल्लं, जी४, घोडा परत एफ६. म्हणजे मी एक प्यादं वर आणि त्यांची एच पट्टी सताड उघडी, त्यांचा हत्ती थेट माझ्या एच७ कडे बघतो आहे. आणि सोळावी चाल, काका क्षणभरही थांबले नाहीत, डी४ चा घोडा मागे, ई२ वर. कारपोवची चाल!

ही चाल दिसायला किती साधी आहे. हल्ला करायचा सोडून घोडा मागे. पण ड्रॅगनमध्ये काळ्याचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे सी४ चा हत्ती सी३ च्या घोड्यावर फेकायचा, पांढऱ्याला बी प्याद्यानं घ्यावं लागतं, राजासमोरची भिंत फुटते, आणि मग जी७ चा उंट आणि वजीर आत घुसतात. घोडा ई२ वर आला की सी३ ला दुसरा घोडा आधार देतो, हत्ती फेकला तरी घोड्यानं परत घेतात, भिंत शाबूत. एका चालीत काळ्याचं हत्यार बोथट. कोर्चनॉयनं यावर वजीर ए५ खेळला, कारपोवनं उंट एच६ करून जी७ चा उंट मारला, आणि त्यानंतर काळ्या राजाजवळ राखणदार उरलाच नाही. पुढे चोविसाव्या चालीला ई५ करून काळ्या वजिराची पाचव्या रांगेतली वाटच बंद केली आणि शेवटी वजीर एच७ वर शह, मग एच८ वर शह, खेळ खलास. तो डाव मी कितीदा मांडला असेल, प्रत्येक वेळी त्या ई५ ला अंगावर काटा येतो, मी काळ्या बाजूची असून.

पण ड्रॅगनवाले गप्प बसले नाहीत. त्यांनी त्या पोझिशनमध्ये डोकं घातलं आणि उत्तर शोधलं, सोळावी चाल हत्ती ई८. एफ८ वरचा हत्ती फक्त एक घर सरकवायचा. का? तर पांढऱ्यानं उंट एच६ केला की आता आपला उंट सरळ एच८ च्या कोपऱ्यात जाऊन बसतो. हत्ती एफ८ वर असता तर पांढऱ्या उंटानं तो खाल्ला असता, आता तिथे काही नाही. म्हणजे कर्ता माणूस वाचला, कर्णही वाचला. एवढंच. मला ही चाल त्या सगळ्या ओपनिंगमधली सगळ्यात सुंदर वाटते, त्यात काही धमकी नाही, शह नाही, काही नाही, फक्त आपल्याला काय जपायचं आहे ते नीट माहिती असणं आहे.

मी हत्ती ई८ खेळून घड्याळ दाबलं आणि काका थांबले. पहिल्यांदाच. चष्मा काढला, पुसला, परत घातला, स्कोअरशीटवर आधीच्या चाली वर-खाली बघितल्या. बराच वेळ गेला. मी उठून पाणी प्यायले, बाकीचे बोर्ड बघून आले, एका चिमुरडीनं समोरच्या मोठ्या दादाचा वजीर पकडला होता आणि ती गालावर हात ठेवून शांत बसली होती, तो लालबुंद. परत आले तरी काका विचारच करून राहिले होते.

उंट एच६. मी उंट एच८. आणि मग ई५.

आता माझी पाळी. हे प्यादं माझ्या एफ६ च्या घोड्यावर आलं. डी प्याद्यानं घ्यावं असं कोणालाही वाटेल, पण मग जी५ येतं, घोड्याला हलावं लागतं, आणि तो घोडाच तर डी७ च्या उंटाला धरून आहे, डी पट्टीवर वजीर आणि त्याच्यामागे हत्ती आधीच उभे, घोडा हलला की उंट पडला. घोडा एच५ वर नेला तर जी प्यादं खाऊनच टाकतं. उरते एक चाल, घोडा घेतो जी४. घोडा देऊन टाकायचा. ही चाल मला रात्रीच्या तयारीमुळे माहिती होती, पण माहिती असणं वेगळं आणि समोर घड्याळ पळत असताना हातानं स्वतःचा घोडा उचलून प्याद्याच्या तोंडी ठेवणं वेगळं, हे जे खेळतात त्यांनाच कळेल. मी सगळं पहिल्यापासून मोजलं. एफ प्यादं घोडा खाईल, माझा उंट कोपऱ्यातून निघून ई५ चं प्यादं खाईल, तीन प्यादी झाली एका घोड्याला. काका उंट एफ४ वर आणतील, माझ्या उंटाला मारायला. तेव्हा वजीर ए५, ई५ ला बाजूनं आधार, आणि त्यांनी उंट घेतला की वजिरानं घ्यायचा. मग माझा वजीर बसतो ई५ वर, पटाच्या मधोमध, आणि तिथून एच८ च्या कोपऱ्यावर नजर. म्हणजे ज्या चौकटीवर कारपोवचा शेवटचा शह बसला होता ती चौकट आता माझ्या वजिराच्या ताब्यात. उंटाचं काम वजिराने घेतलं. हे दिसलं आणि माझी धडधड थांबली. घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं गेली होती पण ती मिनिटं मला आजही पूर्ण आठवतात, कूलरचा आवाज सुद्धा येत नव्हता.

घोडा घेतो जी४.

काकांनी लगेच घेतला. उंट ई५. उंट एफ४. वजीर ए५. उंट घेतला, वजिरानं घेतलं. सगळं मोजल्याप्रमाणे. आता जी४ च्या प्याद्यावर माझा उंट पण आहे आणि सी४ चा हत्ती पण, ते चौथं प्यादंही पडणारच. काका बराच वेळ एच६ च्या चौकटीकडे बघत होते, वजीर तिथे नेऊन एच७ वर जायचं का म्हणून, पण मी वजीर जी७ वर घेतला असता तर सगळं थंड, ते त्यांनाही दिसलं. शेवटी त्यांनी वजीर डी५ वर आणला, माझ्या हत्तीवर मारा आणि वजिराची अदलाबदल समोर. त्यांचा हिशोब सरळ होता, ते एक मोहरा वर, वजीर गेले की हल्ला संपला. मला पण हेच हवं होतं. वजीर घेतला, घोड्यानं परत घेतला, आणि हत्तीनं जी४ खाल्लं.

पट बघा आता. पांढऱ्याची प्यादी तीन, ए बी सी. माझी सात. आठातलं फक्त सी प्यादं सुरुवातीला गेलं होतं, बाकी सगळी पटावर, आणि त्यातली ई एफ जी एच ही चार समोर एकही पांढरं प्यादं नसलेली. एका मोहऱ्याला चार प्यादी.

पण घोडे उड्या मारतातच. घोडा सी७, माझ्या ई८ च्या हत्तीवर. मी हत्ती सी८ वर नेला, घोडा परत डी५. आणि इथे एक बारकी जागा होती. आता तो घोडा ई७ चं प्यादं शह देऊन खाणार, आणि त्याच उडीत सी८ च्या हत्तीवर पण येणार. हात आपोआप राजाकडे जातो, राजा एफ८ केलं की ई७ सांभाळलं. पण राजा जी८ वरून हलला की एच७ उघडं पडतं, आणि एच१ चा हत्ती केव्हाचा त्याचीच वाट बघून राहिला आहे. म्हणून हत्ती जी४ वरून ई४ वर. मागून ई७ ला आधार आणि पुढे ई२ च्या घोड्यावर मारा, ज्याला आता कोणाचाच आधार नाही. काका हसले, म्हणजे अगदी थोडं, ओठाच्या कोपऱ्यातून. ई२ चा घोडा सी३ वर आला, मी हत्ती ई५ वर एक घर मागे घेतला.

काकांनी एच१ चा हत्ती ई१ वर आणून माझ्या हत्तीशी भिडवला. एच पट्टी सुटली! आता राजा एफ८ बिनधास्त. हत्तींची एक जोडी बदलली गेली, माझं डी प्यादं ई५ वर आलं, आणि चाल करून काकांनी विचारलं, "ड्रॉ?" ऑफर अगदी नियमानं, चाल करून, घड्याळ दाबायच्या आधी. १७१२ वाल्याशी काळ्यानं ड्रॉ म्हणजे रेटिंगच्या हिशोबानं माझा फायदाच होता. मी पटाकडे बघितलं, प्याद्यांकडे बघितलं, आणि म्हटलं, "खेळू या काका." त्यांनी मान हलवली, बस.

पुढचं लांबलचक होतं, सगळं सांगत बसत नाही. उंट ई६, मग एफ५, मग ई४, जी५, एच५, एकेक करून प्यादी पुढे. घाई केली की घोडे मधल्या चौकटींवर येऊन बसतात आणि मग तिथून हलत नाहीत, म्हणून प्रत्येक प्यादं सारायच्या आधी त्याच्या शेजारचं आधाराला आहे ना ते बघायचं. काकांनी फार चिवट झुंज दिली. दोघांकडेही वेळ कमी, तीस सेकंदांवर खेळतोय, चाल लिहायची, घड्याळ दाबायचं, समोरच्यानं चाल केली की परत लिहायचं, माझं अक्षर शेवटी शेवटी मलाच लागत नव्हतं. त्यांनी एका घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी खाल्ली, बरोबरच होतं, नाहीतर सगळी मिळून चालून आली असती. पण एच प्यादं सुटलं होतं. ते दुसऱ्या रांगेत पोचलं, उंटानं वरची चौकट धरली, काकांनी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. दोन्ही स्कोअरशीटवर शून्य-एक लिहून सह्या केल्या.

हॉलमध्ये अ‍ॅनालिसिस करू देत नाहीत, म्हणून काका म्हणाले, "चल बेटा, बाहेर मांडू. वेळ आहे ना तुला?" बाहेरच्या व्हरांड्यात एका टेबलावर त्यांनी स्वतःचा गुंडाळीचा पट काढला, चहा सांगितला, आणि एका सेकंदात सोळाव्या चालीची पोझिशन मांडली.

"हे हत्ती ई८ कुठून आणलं तू?"

मी सांगितलं, सरांनी शिकवलं, ही जुनीच दुरुस्ती आहे, कोर्चनॉयच्या डावानंतरची.

"आणि मले कोणी इतकी वर्षं खेळलंच नाही ना हे! सगळे आपले बाराव्या चालीलाच एच५ करतात, नाहीतर वजीर ए५ करून मरतात," काका म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की १९७४ ला ते कॉलेजात होते, रेल्वेत नोकरीला लागायच्या आधी, कोणीतरी सीनियरनं त्यांना तो कारपोवचा डाव पटावर मांडून दाखवला होता, आणि घोडा ई२ बघून ते म्हणे रात्रभर झोपले नाहीत, एवढ्या हल्ल्यात माणूस घोडा मागे कसा काय घेतो. तेव्हापासून ई४ सोडून दुसरं काही खेळले नाहीत. रेल्वेतून रिटायर झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी स्पर्धा सोडली नाही. मी म्हटलं काका, मला पण तो डाव पाठ आहे. मग आम्ही दोघांनी मिळून तो २७ चालींचा डाव पूर्ण मांडला, ते पांढरे, मी काळे, चोविसाव्या चालीला त्यांनी ई५ अशी टकटक वाजवून ठेवली की शेजारची पोरं वळून बघायला लागली.

नंतर आमच्या डावावर आलो. त्यांनी विचारलं, सतराव्याला उंट एच६ न करता सरळ ई५ केलं असतं तर? आम्ही बघितलं, तिथेही घोडा जी४ वर तसाच जातो, एफ प्यादं घेतं, उंटानं परत जी४ घ्यायचं, ई२ च्या घोड्यावर आणि त्याच्यामागे डी१ च्या हत्तीवर उंट, काळ्याचं बरंच चांगलं आहे. काकांना ते आवडलं नाही, परत परत मोहरे मागे घेऊन बघत होते, "थांब थांब, असं नाही, हे बघ," आणि मी सांगून राहिले की काका मग हे, तोवर चहा गार. वीसेक मिनिटांत भोवती पोरं जमली, एकजण म्हणाला मोबाईलवरच्या इंजिनला, म्हणजे बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला, विचारू या, काकांनी त्याला दटावलं, "अबे थांब ना बा, आधी डोकं लाव, मग इंजिन."

शेवटी त्यांनी पट गुंडाळला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मी नववी चाल बदलीन. उंट सी४ करणारच नाही, सरळ किल्लेकोट."

आणि ते बोलले तसं करतील याची मला खात्री आहे. नवव्याला उंट सी४ न खेळता लांब किल्लेकोट केला की डी५ वर पहारा राहत नाही, म्हणजे काळ्यानं लगेच डी५ करायचं. घेतलं, घोड्यानं घेतलं, सी६ वर घोडे बदलले, बी प्याद्यानं परत घेतलं, मग डी५ वरही घोडे बदलले, सी प्याद्यानं परत घेतलं. मग पांढऱ्यानं डी५ चं प्यादंही वजिरानं खाल्लं तर वजीर सी७ करून ए८ चा अख्खा हत्ती समोर ठेवायचा, घ्या म्हणून, त्यानं घेतला की उंट एफ५, आणि आता सी२ वर मात दिसते. पांढऱ्याला वजीर देऊन दोन हत्ती घ्यावे लागतात, आणि मग जी७ च्या उंटाचा कर्ण पूर्ण मोकळा. गेल्या आठवड्यापासून मी हेच मांडून राहिले आहे. पांढऱ्यानं हत्ती न खाता वजीर सी५ वर आणला तर काय, ते अजून नीट बसलेलं नाही, सरांना रविवारी विचारणार आहे.